लक्क्याची शेपटी: कुठून आली आणि कशी सांभाळायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या शौकिनाने पांढऱ्या लक्क्याची, म्हणजे पंख्यासारखी शेपटी असलेल्या कबुतरांची, जोडी घेतली. विकणाऱ्याने ती ‘ओरिजनल इंग्लिश’ म्हणून चढ्या भावात दिली. डोक्यामागे शेंडी आहे, पायांवर पिसं आहेत. दोनदा अंडी घातली, पण दोन्ही वेळा पिल्लं निघाली नाहीत. लक्का खरोखर इंग्लिश जात आहे का, शेपटीत पिसं किती हवीत आणि अंडी का फळत नाहीत, असं त्यांनी विचारलं आहे.

मी लक्के पाळतो त्याला आता तीस वर्षं होत आली. त्याआधी वस्तादांच्या ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या घरात, झाडलोट करायचो, दाणापाणी द्यायचो. या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे लक्क्याची शेपटी. ती कशी तयार झाली हे समजलं की अंडी का वाया जातात तेही समजतं. म्हणून आधी शेपटीकडे वळतो.

गच्चीवर येणारा साधा पारवा घ्या. त्याच्या शेपटीत मोठी पिसं 12 असतात. गिरेबाज, शिराजी, होमर अशा बहुतेक पाळीव जातींतही आकडा साधारण तोच. लक्क्याच्या शेपटीत मात्र हीच पिसं तीसच्या आसपास, कधी त्याहून जास्त असतात आणि ती एका ओळीत मावत नाहीत. हातात घेऊन बघितलं तर दोन ओळी एकमेकींत घुसल्यासारख्या दिसतात. त्यामुळेच शेपटी मिटत नाही, उघड्या पंख्यासारखी सतत उभी राहते. मोरासारखा पिसारा म्हणतात, पण फरक लक्षात घ्या: मोराचा पिसारा शेपटीचा नसतोच, शेपटीच्या वरच्या बाजूला वाढणाऱ्या लांब पिसांचा असतो. लक्क्याचा पंखा म्हणजे खरीखुरी शेपटी, उडताना सुकाणूचं काम करणारी. तिचाच आकार माणसाने बदलून टाकला आहे.

आता इंग्लिश असण्याबद्दल. लक्क्याचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख चार्ल्स डार्विनला सापडला तो आपल्याकडचा, अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीतला, म्हणजे 1600 च्या आधीचा. कबुतरं उडवण्याच्या शौकाला अकबराच्या दरबारात ‘इश्कबाजी’ म्हणत. आईनमध्ये त्यावर वेगळं प्रकरणच आहे आणि त्यात लक्क्याची नोंद येते: घुमणं गोड आणि मान डौलात धरून चालणारा पक्षी. दरबाराच्या कबुतरांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. मुक्काम हलला की तीही बरोबर निघत. इराण आणि तुराणच्या (मध्य आशियाच्या) राजांकडून दुर्मीळ पक्षी भेट म्हणून येत. पूर्वी कुणी करत नसे तसा जातींचा मेळ घालून बादशहाने त्यांच्यात मोठी सुधारणा केली, असंही अबुल फझल लिहितो. हे वेड घराण्यातच होतं. बाबरचे वडील उमर शेख मिर्झा यांचा मृत्यूच कबुतरखान्यात झाला. फरगण्यातल्या अख्सी इथे दरीच्या काठावर बांधलेला कबुतरखाना 1494 साली त्यांच्यासकट खाली कोसळला. ही हकिगत बाबरने स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच काळात युरोपात ही जात माहीत असल्याचं दिसत नाही. त्या वेळचा इटालियन निसर्गअभ्यासक अल्द्रोवांदी याने पक्ष्यांवर मोठमोठे ग्रंथ लिहिले, पण त्यांत हा पक्षी आढळत नाही, असं डार्विन म्हणतो. त्यानंतर आकडे कसे चढत गेले ते पाहा. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. डार्विनने दिलेल्या सालांप्रमाणे 1677 मध्ये इंग्लंडचा पक्षीअभ्यासक विलबी 26 पिसांच्या लक्क्याबद्दल लिहितो. 1735 मध्ये कबुतरांवर लिहिणारा इंग्रज जॉन मूर 36 पिसांचा पक्षी पाहिल्याचं सांगतो. 1824 मध्ये ब्वातार आणि कोर्बिए हे फ्रेंच लेखक 42 पिसांचे पक्षी फ्रान्समध्ये सहज मिळतात म्हणतात. दीडशे वर्षांत 26 वरून 42. ही वाढ निसर्गाने केलेली नाही. कुणीतरी दरवर्षी पिल्लांची पिसं मोजली, जास्त पिसांचा नर आणि जास्त पिसांची मादी एकत्र बसवली, बाकीच्यांची जोडी लावली नाही. हे काम बापाकडून मुलाकडे, वस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आलं.

डार्विनने 1855 च्या सुमारास केंटमधल्या आपल्या घरी कबुतरं पाळायला सुरुवात केली. लंडनच्या दोन कबूतर मंडळांचा तो सभासदही झाला. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा 1859 चा ग्रंथ कबुतरांच्या उदाहरणापासूनच रंगत जातो आणि त्यात लक्का पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचं एक म्हणणं मी प्रत्येक नव्या शौकिनाला सांगतो. शेपटी जराशी मोठी असलेलं कबूतर ज्या माणसाने पहिल्यांदा निवडलं, त्याला पुढे त्या वंशाचं काय होणार याची कल्पनाही नव्हती. सगळ्या लक्क्यांचा मूळ पूर्वज कदाचित 14 पिसांचा, शेपटी थोडीशी फाकवणारा पक्षी असेल, असा त्याचा अंदाज होता. बाराच्या जागी चौदा! एवढासा फरक कुणाच्या तरी नजरेने टिपला.

डार्विनला इकडूनही माहिती जात होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने एका पक्ष्याच्या शेपटीत 34 पिसं मोजल्याचं त्याला कळवलं, तीही शेपटी अपुरी असताना. मद्रासच्या सर वॉल्टर एलियटने तिकडे 32 हा मानाचा आकडा असल्याचं लिहिलं. म्हणजे इंग्लंड-फ्रान्समध्ये 36 आणि 42 पिसांचे पक्षी नोंदले गेले होते, आपल्याकडे मात्र 32 ला मान होता. कलकत्त्याहून आलेले म्हणून काही लक्के डार्विनने स्वतः पाळले होते. त्यांची ठेवण इंग्लंडच्या प्रदर्शनी पक्ष्यांच्या मानाने बरीच साधी होती. त्याचा निष्कर्ष असा, की भारतातले लक्के ही जात युरोपात गेली त्या वेळची ठेवण दाखवतात. इंग्रजांनी पुढे पिसांच्या संख्येपेक्षा पंखा किती उभा राहतो आणि मान किती मागे जाते याला किंमत दिली. तिथला पक्षी त्या दिशेने वळला आणि शेवटी डोकं शेपटीला टेकू लागलं.

तेव्हा तुमच्या जोडीबद्दल सरळ सांगतो. शेंडी आणि पायावर पिसं असतील तर तो इंग्लिश लक्का नाही, देशी आहे. इंग्लिश लक्का लहान, चेंडूसारखा गोल. शेंडी नसते, पाय स्वच्छ. छाती इतकी वर येते की डोकं मागे शेपटीच्या बुडाशी टेकतं, पक्षी चवड्यांवर चालतो आणि मान सतत थरथरते. जुन्या इंग्रजीत त्याला ‘ब्रॉड-टेल्ड शेकर’ म्हणायचे, ते या थरथरीमुळेच. देशी लक्का अंगाने मोठा. डोक्यामागे टोकदार शेंडी, पायांवर पिसं, पंखा ताठ उभा पण डोकं त्यापासून सुटं, चाल शांत. बाहेरच्या देशांत आज हाच पक्षी ‘इंडियन फँटेल’ म्हणून वेगळ्या जातीने ओळखला जातो. तुम्हाला फसवलं ते नावात. पक्षी हलक्या प्रतीचा आहे असं त्याने ठरत नाही. माझ्या मते आपल्या हवेत देशी लक्काच सांभाळायला सोपा. तो दाणा नीट उचलतो, पाणी नीट पितो, पिल्लंही त्याच्याकडून बऱ्यापैकी वाढतात.

शेंडी आणि पायाच्या पिसांचं गूढ आता विज्ञानाने बरंच सोडवलं आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मायकेल शापिरो यांच्या गटाने 2013 मध्ये कबुतराचा जनुकसंच वाचला. शेंडीमागे इफबी-2 नावाच्या जनुकातला एक बदल आहे, असं त्यांना आढळलं. हा गुण दबणारा आहे. शेंडीच्या पक्ष्याला शुद्ध बिनशेंडीचा जोडीदार दिला तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं बिनशेंडीची निघतात. त्यावरून मादीवर संशय घेऊ नका, गुण आत दडलेला असतो. ती पिल्लं पुन्हा शेंडीच्या पक्ष्यांशी जोडली की शेंडी परत दिसू लागते. पायाच्या पिसांबद्दल त्याच गटाने 2016 मध्ये दाखवलं, की पिसं असलेल्या पायात पायाचा जनुक मंदावतो आणि पंख घडवणारा जनुक जागा होतो. पायावर छोटा पंख उगवला, असं म्हणायला हरकत नाही.

लक्का आणि पारवा यांचं नातं किती जवळचं आहे याचा एक दाखला डार्विनने स्वतः घरी घडवला. अगदी पांढरे लक्के आणि बार्ब जातीची अगदी काळी कबुतरं यांची त्याने जोडी लावली. पिल्लं तपकिरी-काळी, ठिपक्यांची निघाली. त्या पिल्लांची आपसात जोडी लावल्यावर एक नातवंड निघालं निळसर राखी, पंखांवर दोन काळे पट्टे, शेपटीवर पट्टा, अगदी रानपारव्यासारखं. माझ्याकडेही एका पांढऱ्या लक्क्याने चुकून गिरेबाज मादीशी संग केला होता. पिल्लांची शेपटी लक्क्याच्या मानाने केविलवाणी निघाली, पिसं मधल्या आकड्यात आणि पंखा खाली झुकलेला. एका पिढीत चारशे वर्षांची कमाई निम्मी होते. म्हणून लक्क्याची ढाबळ वेगळी ठेवा.

आता तुमची अंडी.

लक्क्यात अंडी पोकळ जाण्याचं पहिलं कारण शेपटीच आहे. नर मादीच्या पाठीवर चढतो तेव्हा मादीने शेपटी बाजूला सारावी लागते आणि नराने आपली खाली वळवावी लागते. दोघांच्याही मागे तीस-तीस पिसांचा पंखा असला की मेळ नीट बसत नाही. वस्ताद जोडी लावण्याआधी एक काम हमखास करायचे. मी अनेकदा पक्षी धरून बसलो आहे. डाव्या हाताच्या तळव्यावर पक्ष्याची छाती, पाय दोन बोटांत, शेपटी आपल्याकडे. मग ते छोट्या बोथट टोकाच्या कात्रीने गुदद्वाराभोवतीची मऊ पिसं बोटभर रुंदीच्या गोलात कापायचे. कातडीला कात्री लागायची नाही, पिसं उपटायची नाहीत. नर आणि मादी, दोघांचीही. अशी कापलेली पिसं पुढच्या पिसगळीत नवी येतात. प्रदर्शनाचा मोसम नसेल तर मादीच्या शेपटीची पिसं निम्म्यावर छाटण्याचीही रीत आहे. मन धजत नाही हे मला कळतं. पण पोकळ अंड्यांवर दिवसेंदिवस बसून झिजणारी मादी पाहिली की कात्री बरी वाटते.

त्याआधी एक खात्री करा: घरट्यात अंडी दोनच होती की चार? दोन होती असं धरून चालतो, कारण चार असती तर तुम्ही लिहिलं असतं. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. पहिलं बहुतेक संध्याकाळकडे, दुसरं तिसऱ्या दिवशी दुपारी. चार अंडी दिसली तर तुमच्याकडे दोन माद्या आहेत. त्या एकमेकींशी जोडी करून घरटं बांधतात, आळीपाळीने बसतातही, आणि पाळणारा महिनोन्‌महिने वाट पाहतो. लक्क्यात नर-मादी वरून ओळखणं अवघड, कारण मादीही छाती काढून चालते. नर जास्त घुमतो, गोल फिरतो, मादीला घरट्याकडे हाकतो. तेवढ्यावरही कधी फसगत होते.

अंडं फळलं की नाही हे पाचव्या-सहाव्या दिवशी पाहता येतं. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं हलक्या हाताने धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. पिवळट, एकसारखा उजेड दिसला तर अंडं पोकळ. शिरा दिसून नंतर अंडं काळवंडलं असेल तर दोष शेपटीचा नाही. तेव्हा जोडी दचकून उठते का, घरट्यात अंडी गार पडतात का, हे पाहा. फळलेलं अंडं 17-18 दिवसांत फुटतं. सकाळी उशिरापासून चारेक वाजेपर्यंत नर बसतो, बाकी वेळ मादी. तुमचा नर दुपारी घरट्याबाहेर बागडत असेल तर तेही लिहून ठेवा.

पक्षी मोलाचा आणि आईबाप चंचल असतील तर अंडी दुसऱ्या जोडीखाली ठेवणं हा जुना उपाय. एक-दोन दिवसांच्या फरकाने बसलेली होमर किंवा गिरेबाजाची जोडी घ्या. फरक जास्त नको. पिल्लाला पहिले काही दिवस आईबापाच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीतलं दूधच लागतं आणि ते दूध अंडी फुटायच्या सुमारालाच उतरतं. नर आणि मादी दोघांनाही ते येतं.

जागेबद्दल जरा जोर देऊन सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. लक्का कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा अरुंद जाळीच्या पिंजऱ्यात ठेवू नका. वळताना शेपटी जाळीला घासते आणि आठ दिवसांत पिसांची टोकं झाडूसारखी होतात. बसायला दांडी नको, रुंद फळी हवी, तीही फार उंच नको. मागे भिंतीपासून वीतभर अंतर असू द्या. घरटं म्हणून पसरट मातीची परात उत्तम. एखादं पीस मधेच मोडलं तर पिसगळीपर्यंत तसंच राहतं. उपटलं तर दीड-दोन महिन्यांत नवं येतं. मात्र बुडाशी रक्त असलेलं कोवळं पीस कधीही ओढू नका.

डार्विनने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. लक्क्यात शेपटीच्या बुडाशी असणारी तेलाची गाठ बहुधा नसतेच. पावसाळ्यात आडवी झड आत येणार नाही अशी ढाबळ ठेवा. उन्हाच्या दिवशी आठवड्यातून एकदा दुपारी पसरट भांड्यात आंघोळीचं पाणी द्या आणि संध्याकाळपूर्वी पिसं वाळतील असं बघा. पावसाळ्यात डासांमुळे देवीचे फोड येतात, म्हणून जाळी बारीक लावा. दाण्यात ज्वारी, बाजरी, गहू, मका, आणि पिल्लांच्या काळात हरभरा, मूग, वाटाणा वाढवा. शिंपल्यांचा चुरा, बारीक खडी आणि थोडं मीठ वेगळ्या वाटीत कायम ठेवा.

मानेच्या थरथरीवरून एक सावधगिरी. जोडीदारासमोर लक्का मान हलवतो तो त्याचा स्वभाव. दाणा उचलताना चोच सारखी चुकत असेल, मान एका बाजूला पिळवटून डोकं उलटं होत असेल, विष्ठा पाण्यासारखी असेल, तर तो आजार आहे आणि संसर्गाचा आहे. पक्षी लगेच वेगळा काढा आणि पशुवैद्याला दाखवा. ‘लक्के असेच असतात’ म्हणून मी एकदा चार दिवस थांबलो होतो. त्यात सहा पक्षी गेले. अजून मनातून जात नाही.

तुमच्या स्वतःच्या छातीचीही काळजी घ्या. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. ढाबळ झाडताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, लहान मुलांना त्या वेळी आत घेऊ नका. घरातल्या खोलीत कबुतरं ठेवू नका.

आणि लक्का उडवू नका. शेपटी वाऱ्यात शिडासारखी होते, पक्षी सरळ जाऊ शकत नाही, शिक्रा आला तर सुटका नाही. लग्नात नवरा-नवरीच्या हातून पांढरे लक्के आकाशात सोडण्याची टूम निघाली आहे. अशा कामासाठी पक्षी मागायला आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवतो. तो पक्षी हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जातो, पत्र्यावर बसतो आणि रात्री मांजराच्या तोंडी पडतो. माणसाने इतक्या पिढ्या लावून त्याची उडण्याची ताकद घेतली, तर त्याचं छप्पर ही आपलीच जबाबदारी. उडणाऱ्या जातींचे शौकीन लक्क्याचा एक चांगला उपयोग करतात: गिरेबाज किंवा होमर खाली उतरत नसतील तेव्हा पांढरा लक्का फळीवर सोडतात. तो दाण्यासाठी फडफडला की वरच्यांना आपली ढाबळ दिसते. त्यासाठी लक्क्याला उंच उडावं लागत नाही.

राहिला तुमचा आकडा. देशी लक्क्यात 28 च्या वर पिसं असतील आणि पंखा मधे न फाटता पूर्ण गोलाकार उभा असेल तर मी तो ठेवतो. 24 ची सरळ शेपटी मला 36 च्या वाकड्या शेपटीपेक्षा बरी वाटते, कारण गर्दी फार झाली की पिसं एकमेकांवर चढून पिळतात. मोठ्या पक्ष्याची मोजणी कटकटीची असते, दोन ओळींत बोट चुकतं. पिल्लू पंधरा दिवसांच्या आसपास असताना मोजा. त्या वेळी शेपटीची पिसं नळ्यांतून नुकती बाहेर येत असतात. पिल्लू ओच्यात घ्या, डावीकडून सुरुवात करा, मधल्या काडीवर थांबून आकडा लिहा, मग उजवीकडून तिथपर्यंत या. पायातल्या कडीचा नंबर, आई, बाप आणि हा आकडा, एवढं वहीत मांडा. माझी पहिली वही वस्तादांनी दिली होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे: ‘पांढरी मादी, 26. काळा नर, 30. पिल्लं दोन: 27, 31.’